अमेरिकन गाडीचं नाक आणि दाजींचा टाका

"बंद कर! आरं बंद कर तिला, काजळ ओकायलीय ती!"

दाजी, तुमचा हा आवाज त्या दिवशी जिंतूर रोडवरून निघाला आणि माझ्या मते थेट पूर्ण्याच्या फलाटावर जाऊन आदळला. मी त्या अमेरिकन गाडीत डाव्या बाजूला बसलो होतो, कारण तिचं स्टिअरिंगच डावीकडं. तुमच्या ओरडण्यानं घाबरून माझा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला आणि मागून जो काळा लोट उठला, त्यात आधी आपलं दुकान गेलं, मग शेजारची पानटपरी गेली, मग समोरच्या परटाच्या दोरीवरची धोतरं गेली. नेमका तेव्हाच रस्त्यानं कुणाचा तरी पांढराशुभ्र बैल चालला होता. लोटात शिरला तेव्हा तो बैल होता. बाहेर पडला तेव्हा त्याच्या मालकानंच त्याला दुसऱ्याची म्हैस समजून हाकलून दिलं.

ही बैलाची गोष्ट मी आजवर शंभरदा सांगितली आणि शंभरदा तुम्ही मधेच अडवलं, "पाव्हणं, बैल न्हवता त्यो. शेळी होती." बैलच होता, दाजी. हा वाद आपला अर्धाच राहिला. आता तुम्हाला मधे बोलता येत नाही, म्हणून तो बैलच.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. अक्काच्या दारात सतरंजी टाकलीय. माणसं येतात, टोप्या काढून बसतात, चहा पितात आणि एकमेकांना सांगतात की लई शांत माणूस होता. काल मला हसू आवरलं नाही. अक्कानं असं बघितलं की हसू तिथंच जिरलं. पण बहीण माझीच, कोपऱ्यात तोंडाला पदर लावून तीही हसायलीच होती. तुम्ही आणि शांत? सगळ्या जिल्ह्याच्या जीपांना, ॲम्बेसिडरांना, मोटारसायकलींना सायलेन्सर बसवून ज्यानं गप्प केलं, तो माणूस स्वतः झोपेतसुद्धा गप्प नव्हता. तुम्ही कधी जन्मला, कुठल्या गावचे, मागं कोण कोण, हे सगळं तेराव्याच्या कार्डावर छापून झालंय. कार्डावर जे मावलं नाही ते माझ्याकडं आहे.

तुमचं नाक, उदाहरणार्थ. गाडी दुकानात आली की तुम्ही बॉनेट उघडायचा नाहीत. मागं जाऊन उकिडवे बसायचात, धुरापुढं तळहात धरायचात, तो नाकाशी न्यायचात आणि डोळे मिटून सांगायचात: हिला हवा कमी पडायलीय. हिचा तिसरा प्लग मेलाय. हिनं काल रॉकेल पिलंय. एकदा जिंतूरच्या एका कापूसवाल्याच्या गाडीचा धूर हुंगून तुम्ही म्हणालात, ह्या घरात भांडण चालू हाय. मालक पांढरा फटक पडला. त्याची बायको माहेरी जाऊन आठवडा झाला होता. आता ते तुम्हाला पानटपरीवर आधीच कळलं होतं, ही गोष्ट वेगळी. मी ती सांगताना गाळतो.

तर ही अमेरिकन गाडी. डॉक्टरसाहेब हाडांचे. अमेरिकेत बरीच वर्षं राहून परभणीला परत आले, दवाखाना काढला, आणि येताना सामानाबरोबर जहाजातून गाडी आणली. ते बसायचे डावीकडं, त्यामुळं उजव्या खिडकीतून बघणाऱ्याला गाडी रिकामीच पळताना दिसायची. पिंगळीच्या रेल्वे फाटकावर एका म्हातारीनं त्या रिकाम्या सीटला हात जोडून नवस बोलल्याचं मी स्वतः बघितलंय. पिंगळी माझं गाव, तेव्हा यात खोटं असायचं कारण नाही.

सहा महिन्यांत त्या गाडीला दमा लागला. सपाटीला नीट, पण पुलाचा चढ आला की सायकलवाला तिच्या पुढं जायचा. डॉक्टर आपल्या दुकानात आले. तुम्ही मागं बसलात, हात धरलात, हुंगलंत आणि म्हणालात की हिचा दम कोंडलाय, सायलेन्सरच्या आधी कुठंतरी बोळा बसलाय. डॉक्टर तुमच्याकडं बघतच राहिले. कारण खरंच तसं होतं. गाडीच्या पोटाखाली एक डबा होता, त्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी. तिकडच्या गाड्यांचा धूर त्यातून गाळून बाहेर पडतो. तिकडच्या पेट्रोलात शिसं नसतं, आपल्याकडच्यात असतं, आणि आपल्या शिशानं ती जाळी लिंपून टाकली होती. डॉक्टर म्हणाले, डबा काढा, साधा पाइप आणि सायलेन्सर घाला. जाता जाता इंग्रजीमिश्रित मराठीत बजावून गेले, "फक्त त्या सेन्सरला सांभाळा."

तुम्ही मला विचारलंत, काय म्हणला डॉक्टर. आपल्या दुकानात इंग्रजी मीच, आठवीपर्यंतचं. आणि हा शब्द मला शाळेतून नव्हे, टॉकीजमधून पाठ होता. पिक्चर सुरू व्हायच्या आधी पडद्यावर त्याचा कागद दाखवायचे ना. मी छाती फुगवून सांगितलं, "सेन्सॉर, दाजी. अमेरिकेत धुरालाबी सेन्सॉर आस्तंय. जास्त निगाला की कापतंय."

दाजी, सेन्सॉरवर तुमचा जुना राग. मारामारी ऐन रंगात यायची, पडदा एक झटका खायचा आणि हिरो एकदम पट्ट्या बांधून दवाखान्यात दिसायचा. मधली मारामारी सेन्सॉरनं खाल्ली म्हणून तुम्ही एकदा टॉकीजच्या मॅनेजरशी खरी मारामारी करून आला होतात. तुम्ही गाडीखाली वाकलात. डब्याच्या आधी पाइपात स्पार्क प्लगसारखं काहीतरी आटे देऊन बसवलेलं, वर एक वायर गेलेली. "उपट त्याला," तुम्ही म्हणालात. "गाडीला मोकळं धावू दे." मी ते उपटलं, चिंधीत गुंडाळलं आणि चेसीला तारेनं टांगून ठेवलं. नव्या पाइपाला त्याच्यासाठी भोकच ठेवलं नाही. मग गाडी चालू केली, आणि मग बैलाचं जे झालं ते झालं. डॅशबोर्डवर पिवळा दिवाही लागला, त्यावर इंजिनाचं चित्र. तुम्ही म्हणालात, फोटो काढायला लागलीय काय.

आता ते सांगतो, जे बारा दिवसांत अक्कालाही सांगितलं नाही.

आपल्या दुकानात वेल्डिंगची टॉर्च फक्त तुमची. गॅसचं काम तुम्ही पूर्ण्याला रेल्वेच्या शेडात शिकलात आणि पाइपाच्या सांध्यावरचा तुमचा टाका म्हणजे मुंग्यांची रांग. नऊ वर्षं मी तुमच्याकडं पाइप धरला, तुम्ही मला टॉर्चला बोट लावू दिलं नाहीत. पण त्या दिवसाच्या दोन वर्षं आधीपासून मुंग्या रांग सोडून चालायला लागल्या होत्या. वेल्डिंगच्या उजेडानं तुमचे डोळे खाल्ले होते. चहा बशीच्या बाहेर पडायचा. गिऱ्हाईक बोलल्याशिवाय तुम्ही त्याला नाव घेऊन हाक मारत नव्हतात. समोरच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा, निळी, हातभर एकेक अक्षर, वर्षभर तीच. एके दिवशी तुम्ही मला सहज विचारलंत, "पाव्हणं, भितीवर नवं काय लिवलंय रे?" माझ्या हातातला पाइप पायावर पडला.

टाका म्हणजे तुम्ही होतात. तो गेला तर तुम्ही अक्काच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आवाजानं ओळखत राहणार, हे चित्र मला बघवत नव्हतं. म्हणून तुम्ही एक ते दोन जेवायला घरी गेलात की मी टॉर्च पेटवायचो, तुमच्या टाक्यावरून परत एक टाका फिरवायचो, वर काजळी चोळून त्याला तुमचा करायचो. कुणाला म्हणून पत्ता नाही. तुम्ही जेवून यायचात, सांध्यावरून अंगठा फिरवायचात आणि म्हणायचात, "बगा पाव्हणं. हाय का न्हाई हात?" हाय, दाजी. मी म्हणायचो. जीप आणि ॲम्बेसिडरला काय, टाक्यात एखादं भोक राहिलं तरी त्यांना कळत नव्हतं. त्यांना नाक नव्हतं.

ह्या गाडीला होतं. काळा लोट उडाल्यावर डॉक्टर आले, ओरडले नाहीत, गाडीचं जाडजूड पुस्तक काढलं आणि आपल्याला समजावून सांगितलं. जे उपटलं ते सेन्सॉर नव्हे, सेन्सर. ते गाडीचं नाक. धुरात किती हवा उरलीय ते हुंगतं आणि वायरीवरून आत बसलेल्या कंप्युटरला कळवतं. हवा जास्त असेल तर कंप्युटर पेट्रोल वाढवतो, कमी असेल तर आखडतो. आपण ते नाक बाहेर उघड्यावर टांगलं. ते परभणीची मोकळी हवा हुंगून आत कळवायला लागलं की इथं नुसती हवाच हवा, पेट्रोल नाहीच. मग कंप्युटर पेट्रोल वाढत सुटला. पंगतीत आंधळा वाढपी उभा करावा आणि कुणीतरी मागून ओरडत राहावं, पान रिकामं हाय, पान रिकामं हाय. इंजिन बिचारं नाकातोंडातून भात काढायला लागलं.

मला तर उड्या माराव्या वाटायल्या होत्या. काय डोकं चालवलंय लोकांनी! पण तुम्ही विचारलंत, "मंग डॉक्टरसाब, गाडीच जर धूर हुंगायलीय तर मी काय करायचं?"

डॉक्टर एवढंच म्हणाले की उद्या दुपारपर्यंत झालं तर झालं, नाहीतर ट्रक सांगून ठेवलाय, गाडी मुंबईला जाईल. आवाज न चढवता म्हणाले, म्हणूनच मला पुढचं सगळं दिसायला लागलं. मुंबईत ती गाडी उचलून धरतील, खाली उजेड लावतील, डोळे शाबूत असलेला कुणीतरी तुमचा टाका बघेल आणि विचारेल, हे कुण्या आंधळ्यानं मारलंय. तो प्रश्न परभणीला परत येईल. मला गाडीची फिकीर नव्हती, दाजी. मला त्या एका प्रश्नाची होती.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून नामांतराचा मोर्चा निघणार होता, रस्ता बंद, म्हणजे ट्रक चारशिवाय येत नव्हता. आपल्याला तेवढे तास जास्त मिळाले. तुम्ही नव्या पाइपाला भोक पाडलंत, त्यावर नट बसवून टाका मारलात, मी नाक त्यात पिळून बसवलं. नटाच्या थोडं अलीकडं, इंजिनाकडं, पाइपाचा मुख्य सांधा, तोही तुम्हीच मारलेला, आदल्या दिवशी जेवून आल्यावर, म्हणून माझ्या हातून सुटलेला. आता एक वाजू दे, मी मनात म्हणालो. एक वाजला. अक्काकडून जेवायचा निरोप आला. तुम्ही गाडीच्या चाकाला पाठ लावून मांडी घातलीत.

"आज न्हाई जात जेवायला. ही निगाल्याबिगर न्हाई जात."

दाजी, नऊ वर्षांत पहिल्यांदा मला तुमचा राग आला.

गाडी चालू केली. लोट नव्हता, पण धूर होताच, पेट्रोलचा भपकारा होताच, पिवळा दिवा होताच. तुम्ही निकाल दिलात की कंप्युटर येडा हाय. मग डॉक्टरांचं पुस्तक माझ्या मांडीवर टाकलंत आणि म्हणालात, वाच. मी बोटानं अक्षरं धरत वाचायला लागलो, आणि तिसऱ्या पानावर चित्रासकट सापडलं. नाकाच्या अलीकडं पाइपात कुठं बारीक भोक राहिलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, नाक फसतं आणि कंप्युटर पेट्रोल वाढवतो. आठवीच्या इंग्रजीलाही कळेल इतकं स्वच्छ.

"काय लिवलंय?"

"काय न्हाई दाजी. हवेचं हाय. टायरमदी किती भरायची."

हे मी केलं. खरा सेन्सॉर मी. ऐन मारामारी आली आणि मी ती कापली.

तुम्ही मान हलवलीत, उठलात, कोपऱ्यातल्या देवाच्या फोटोपुढची उदबत्ती घेतलीत आणि चालू गाडीखाली पाठीवर सरकलात. मला वाटलं, आता देवाचं करायलेत. तुम्ही कान पाइपाजवळ नेला होतात. बाहेर मोर्चाच्या घोषणा, आत इंजिनाचा आवाज, आणि त्या सगळ्यातून तुम्हाला काय ऐकू आलं ते तुम्हालाच ठाऊक. मीही शेजारी सरकलो. तुम्ही उदबत्ती सांध्याजवळ धरलीत.

"धूर कुटं जायलाय, सांग."

तुम्हाला दिसत नव्हता. अडीच बोटांवरचा धूर.

"वर जायलाय दाजी. सरळ."

उदबत्ती तिथंच धरून ठेवलीत. राख तुमच्या शर्टावर पडली. सांध्याच्या खालच्या अंगाला धूर क्षणभर बाहेर फेकला जायचा आणि क्षणात एखाद्या बारीक तोंडानं ओढल्यासारखा आत शिरायचा. बाहेर, आत. बाहेर, आत. मोहरीएवढं भोक. माझ्या आयुष्यात मी एवढी सुंदर गोष्ट बघितली नाही आणि एवढी वाईटही.

"पाव्हणं," तुम्ही परत म्हणालात, अगदी हळू, "कुटं जायलाय धूर?"

"आत."

"कुटं आत?"

"टाक्यात, दाजी."

तुम्ही उदबत्ती विझवलीत. गाडीखालून निघालात, कपडे झटकलेत आणि म्हणालात की भूक लागलीय, जेवून येतो. आणि गेलात. माझ्यासमोर टॉर्च तशीच पडलेली, काळा चष्मा तिच्यावर ठेवलेला. मी गाडी बंद केली, पाइप निवू दिला, भोक भरलं आणि मग सगळा सांधा नव्यानं फिरवला. मुंग्या रांगेत चालल्या, कारण रांग तुमचीच होती, मी नुसता मागून चाललो. पुस्तकात लिहिलं होतं तसं बॅटरीचं टोक थोडा वेळ काढून ठेवलं, म्हणजे कंप्युटर मागचं विसरतो. मला वाटलं, बरंय बाबा तुझं.

तुम्ही आलात तेव्हा मी नुकताच काजळी चोळून हात पुसत होतो. तुम्ही नेहमीच बरोबर त्याच वेळेला यायचात. दोन वर्षांत एकदाही पाच मिनिटं आधी आला नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात काहीतरी चमकलं, पण गाडी चालू करायची घाई होती.

चालू केली. पहिल्यांदा थोडी गुरगुरली, पेट्रोलचा वास आला, मग नाक तापलं. मी शपथेवर सांगतो, ती गाडी एकदा शिंकली. पिवळा दिवा गेला. धूर पातळ होत होत दिसेनासा झाला आणि इंजिन असं चालायला लागलं की बॉनेटवर भरलेला पाण्याचा ग्लास ठेवला तर पाण्याला कळलं नसतं. तुम्ही मागं जाऊन बसलात, तळहात धरलात, हुंगलंत. "हां," तुम्ही म्हणालात. "आता हिचं आन माझं जुळलं." आणि अशी एक शिटी मारलीत की मोर्चातून मागं राहिलेले दोघंजण आत येऊन बघायला लागले.

खरं सांगायचं तर आपलं पेट्रोल त्या नाकाला मानवलं नाही. वर्षभरात तेही लिंपून मेलं आणि डॉक्टरांनी दुसरं मागवलं. पण तो दिवस त्याचा आणि तुमचा होता.

दाजी, मी तुम्हाला टायरची हवा म्हणालो. त्याची माफी मागायची राहिली. नंतर चार वर्षं आपण शेजारी बसून एका डब्यात जेवलो, बैल का शेळी यावर भांडलो, आणि हे एवढं एक वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. लाखभर थापा मारणाऱ्या माणसाला एक खरं वाक्य जड जावं, यावर तुम्ही असतात तर खो खो हसला असतात. मला टाका आला तो तुमच्यामुळं. बोलता आलं नाही ते माझ्यामुळं.

चार वाजता डॉक्टर आले, मागं ट्रक. मी त्यांना रिक्षातून उतरूही दिलं नाही. दहा-वीस माणसं जमली होती, मला तेवढी पुरतात. मी सुरू केलं: आमच्या दाजींनी कसं नुसत्या कानानं भोक शोधलं, कसं उदबत्तीच्या धुराला विचारलं, कसं अमेरिकेच्या कंप्युटरला परभणीच्या नाकापुढं हात टेकायला लावले, आणि मग कसा एका दमात, न थांबता, टाका मारला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग पँटची पर्वा न करता खाली वाकले, सांध्यावरून बोट फिरवलं. बोटाला काजळी लागली. त्यांनी ती रुमालानं पुसली आणि खालची चकचकीत रांग बघितली.

"फार सुरेख काम आहे," ते म्हणाले. "कुणाचा हात?"

"दाजींचा," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणाचा आसणार?"

तुम्ही चाकाला टेकून हात पुसत होतात. डॉक्टर आता उठून उभे होते, पण तुम्ही तिकडं बघितलं नाहीत, मघाशी त्यांचा आवाज खालून आला होता तिकडं बघितलंत.

"मला दिसंना झालंय, डॉक्टरसाब," तुम्ही म्हणालात. "दोन वर्षं झाली, टाके समदे ह्ये पाव्हणंच मारायलेत."